उलटे पिस्तूल : मेलबर्न, १९५६

१९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकला आलेल्या सोव्हिएत नेमबाजांच्या हाती एक विलक्षण पिस्तूल होते. प्रथमदर्शनी ते कोणीतरी चुकून उलटे जोडले असावे असेच वाटे. कोणत्याही पिस्तुलात नळी वर आणि मूठ खाली, ही रचना इतकी सवयीची की तिच्याकडे कोणी लक्षही देत नाही. इथे मात्र नळी खाली उतरून हाताच्या रेषेत आली होती आणि नेम धरण्याच्या खुणा तेवढ्या उंचावर राहिल्या होत्या.

मॉस्कोच्या दक्षिणेकडील तूला हे शहर झारच्या काळापासून शस्त्रनिर्मितीसाठी प्रसिद्ध. तेथील आरेखन केंद्रात जन्मलेल्या या पिस्तुलाचे नाव ‘एमत्से-३ रेकॉर्ड’. त्याने एक ऑलिंपिक रौप्यपदक मिळवून दिले आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियमांनी त्याचा मार्ग कायमचा बंद केला. कारण त्याने एक जुना, अवघड प्रश्न उघड्यावर आणला होता. पदक जिंकतो तो हात, की हातातले हत्यार?

प्रश्न समजून घ्यायचा तर आधी ती स्पर्धा समजून घ्यावी लागते.

२५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल. समोर एका ओळीत पाच लक्ष्ये, शेजारच्या दोन लक्ष्यांच्या मध्यांत पाऊण मीटरचे अंतर. नेमबाज एका हातात पिस्तूल धरून उभा राहतो, हात जमिनीकडे ४५ अंशांत झुकलेला. लक्ष्ये आडवी, म्हणजे त्याच्याकडे कडा करून उभी असत. ती एकाएकी वळून समोर आली की हात उचलायचा आणि पाचही लक्ष्यांवर प्रत्येकी एक गोळी झाडायची. पहिल्या फेऱ्यांना ८ सेकंद, पुढच्यांना ६, आणि शेवटी ४. वेळ संपली की लक्ष्ये पुन्हा वळून जात. उशिरा सुटलेल्या गोळीला काहीच गुण नाहीत. अशा एकूण ६० गोळ्या, कमाल गुण ६००.

४ सेकंदांच्या फेरीत खरा घात होतो. हात वर येऊन पहिली गोळी सुटेपर्यंत जवळजवळ निम्मा वेळ सरलेला असतो. उरलेल्या दोनेक सेकंदांत चार गोळ्या. म्हणजे प्रत्येक गोळीला साधारण अर्धा सेकंद, आणि त्या अर्ध्या सेकंदात पिस्तुलाचा धक्का सोसायचा, हात शेजारच्या लक्ष्यावर न्यायचा, खुणा पुन्हा जुळवायच्या आणि चाप दाबायचा.

या साखळीत नेमबाजाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे नळीची उसळी.

गोळी पुढे सुटते तेव्हा तेवढाच जोर मागच्या दिशेने लागतो, हे शाळेतच शिकवलेले असते. हा जोर नळीच्या रेषेतून मागे येतो. पण पिस्तुलाला आधार देणारा हात त्या रेषेच्या खाली असतो. जोर वर आणि आधार खाली, म्हणून पिस्तूल सरळ मागे न येता मुठीभोवती फिरते आणि त्याचे तोंड वर उसळते. दाराला कडीजवळ ढकलले की ते सहज फिरते, बिजागरीजवळ ढकलले तर हलत नाही, तसाच हा प्रकार. नळी हातापासून जितकी उंच, तितकी उसळी अधिक.

ही उसळी कमी करण्याचे मार्ग नेमबाजांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. एक म्हणजे दुबळे काडतूस. रॅपिड फायरमध्ये त्या काळी ‘.२२ शॉर्ट’ हे काडतूस चाले. त्याची गोळी जेमतेम १.९ ग्रॅमची. दुसरा मार्ग म्हणजे नळीच्या पुढच्या भागाला वजने लावायची, म्हणजे तोंड जड राहते. तिसरा, नळीच्या वरच्या बाजूला छिद्रे पाडायची, म्हणजे दारूचा वायू वर निसटतो आणि नळीला खाली दाबून धरतो. पण या साऱ्या युक्त्या उसळी कमी करणाऱ्या. तिचे मूळ उपटण्यासाठी नळीच खाली आणावी लागणार होती.

या दिशेची पहिली मोठी पायरी जर्मनीत घडली होती. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या सुमारास वाल्थर कंपनीने खास स्पर्धेसाठी ‘ऑलिंपिया’ पिस्तूल घडवले. तोवर बहुतेक स्पर्धक लष्करी किंवा खिशातल्या पिस्तुलांचीच सुधारलेली रूपे वापरत. ऑलिंपिया मात्र लक्ष्यावरच मारण्यासाठी जन्मलेले. त्या स्पर्धेत मानवाकृती लक्ष्याला गोळी लागली की नाही एवढेच मोजले जाई. सुवर्ण जर्मनीच्या कोर्नेलियस फान ओयेनने जिंकले आणि रौप्य त्याचाच देशबांधव हाइन्झ हाक्स याने. कांस्य स्वीडनच्या तोर्स्टन उलमनकडे गेले. युद्धात झेला-मेलिसचा वाल्थरचा कारखाना बुडाला, पण ऑलिंपियाचे आरेखन टिकले. पुढे स्वित्झर्लंडच्या हेमर्ली कंपनीने परवान्याने त्याच घराण्याची पिस्तुले बनवली, आणि युद्धोत्तर युरोपातले नेमबाज ती अभिमानाने मिरवू लागले.

नवे पिस्तूल हाती आल्यावर नेमबाज काय करतो, हे पाहण्यासारखे असते. तो लगेच गोळ्या झाडत नाही. आधी मूठ तपासतो. लाकूड जिथे टोचते तिथे कानशीने घासतो, जिथे पोकळी राहते तिथे भर घालतो. मग डोळे मिटून हात उचलतो आणि उघडून पाहतो, खुणा आपोआप लक्ष्यावर आल्या आहेत का. आल्या नसतील तर पुन्हा कानस. त्यानंतर कित्येक दिवस काडतुसाविना नुसता चाप दाबण्याचा सराव. खऱ्या गोळ्या सर्वांत शेवटी. जुन्या पिस्तुलाने हाताला लावलेली सवय मोडायची आणि नवी लावायची, यात कधी कधी अख्खा हंगाम जातो. म्हणूनच मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर पिस्तूल बदलणे हे धाडसच मानले जाते.

पण पिस्तूल न बदलता हातच बदलावा लागलेला माणूसही याच इतिहासात आहे.

हंगेरीच्या कारोय ताकाच याचा १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकचा मार्ग एका नियमाने अडवला. तो सैन्यात सार्जंट होता आणि हंगेरीच्या संघात केवळ सनदी अधिकाऱ्यांनाच प्रवेश होता. पुढे ते बंधन उठले. मात्र १९३८ साली सरावादरम्यान सदोष हातबाँब फुटून त्याचा उजवा हात, नेमबाजीचा हात, निकामी झाला. त्या वेळी तो २८ वर्षांचा होता. महिनाभर इस्पितळात काढून बाहेर पडल्यावर त्याने कोणालाही न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला. १९३९च्या वसंतात राष्ट्रीय स्पर्धेच्या ठिकाणी तो दिसला तेव्हा जुने सहकारी सांत्वनाला आले. तो सांत्वन घ्यायला नव्हे, स्पर्धेत उतरायला आला होता, आणि ती त्याने जिंकली. त्याच वर्षी जगज्जेत्या ठरलेल्या हंगेरियन संघातही तो होता.

मग महायुद्धाने दोन ऑलिंपिक गिळली. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला ताकाच ३८ वर्षांचा होता. एक आख्यायिकावजा प्रसंग नेहमी सांगितला जातो. विद्यमान जगज्जेता, अर्जेंटिनाचा कार्लोस एन्रिके दियाज साएन्झ वालिएन्ते, याने त्याला विचारले, तुम्ही इथे कशासाठी आलात? ताकाच म्हणाला, शिकायला. ताकाचने ५८० गुणांचा विश्वविक्रम करून सुवर्ण घेतले. वालिएन्ते ५७१ गुणांवर रौप्याचा मानकरी ठरला आणि म्हणाला, पुरेसे शिकलात तुम्ही. संवाद शब्दशः असाच झाला असेल असे नाही. गुण मात्र नोंदलेले आहेत.

चार वर्षांनी हेलसिंकीत ताकाचने ५७९ गुणांवर सुवर्ण राखले. त्याच्याच हाताखाली तयार झालेला सिलार्द कुन ५७८ गुणांवर रौप्य घेऊन गेला. रुमानियाच्या गेओर्गे लिकियार्दोपोलचेही ५७८ गुण, त्याला कांस्य. ६० गोळ्यांनंतर पहिल्या तिघांत फरक एका गुणाचा. जिथे अंतर इतके बारीक, तिथे नळीची उसळी अंगुळभर कमी होणे म्हणजे काय, याची कल्पना यावरून यावी.

हेलसिंकी हे सोव्हिएत संघाचे पहिले ऑलिंपिक. रॅपिड फायरमध्ये पहिल्या तिघांत त्यांचे कोणी नव्हते.

मायदेशी मात्र त्यांच्याकडे एक असामान्य पिस्तूल तयार होते. ते मिखाइल मार्गोलिनचे. मार्गोलिनची दृष्टी तारुण्यातच, लष्करी सेवेत डोक्याला झालेल्या जखमेने गेली होती. आंधळा माणूस पिस्तुलाची यंत्रणा आखतो, ही गोष्ट आजही खरी वाटत नाही. तो भाग मातीत, लाकडात घडवायचा, बोटांनी चाचपायचा आणि बदल सांगायचा. १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्याचे .२२चे पिस्तूल तयार झाले आणि पुढची कित्येक दशके सोव्हिएत नेमबाजांच्या पिढ्या त्यावर घडल्या. (‘स्टार वॉर्स’मधल्या राजकन्या लेआच्या हातातले छोटे अस्त्र आठवते? ते याच मार्गोलिनच्या पिस्तुलावर सजावट चढवून बनवले होते.)

पण मार्गोलिनचे पिस्तूलही रचनेने रूढच. नळी वर, मूठ खाली. तूलाच्या आरेखनकारांनी पुढचे पाऊल टाकले ते हा क्रमच फिरवून. नळी हाताच्या रेषेत आणल्यावर मागे येणारा धक्का थेट तळहातात, मनगटात आणि दंडाच्या रेषेत शिरतो. पिस्तूल फिरण्याऐवजी मागे सरकते आणि जागेवर परत येते. खुणा लक्ष्यापासून फारशा ढळत नाहीत. ४ सेकंदांच्या फेरीत याचा अर्थ असा, की दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या गोळीसाठी नेम नव्याने शोधावा लागत नाही, नुसता आडवा सरकवावा लागतो.

याची किंमतही होती. नळी खाली आणि खुणा वर, म्हणून पिस्तूल कडेला जरासे कलले तरी गोळी बाजूला जाते. हातांना नव्या तोलाची सवय लावावी लागते. शिवाय यंत्रणा उलटी झाल्यावर प्रत्येक हालचाल नव्याने शिकणे आले. तरीही हिशेब फायद्याचाच होता.

१९५६च्या शरदात जगाचे लक्ष नेमबाजीवर नव्हते. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि हंगेरीचा उठाव चिरडला गेला. त्याच महिन्यात मेलबर्नमध्ये ऑलिंपिक सुरू झाले. निषेध म्हणून नेदरलँड्स, स्पेन आणि स्वित्झर्लंडने संघ पाठवले नाहीत. हंगेरीचे खेळाडू मात्र आले, आणि ६ डिसेंबरला हंगेरी-सोव्हिएत वॉटर पोलोच्या सामन्यात पाण्यात खरोखरच रक्त सांडले. तो सामना आजही सर्वांना माहीत आहे. त्याच स्पर्धेत विल्यम्सटाउनच्या मैदानावर, ४६ वर्षांचा कारोय ताकाच डाव्या हातात आपले पिस्तूल घेऊन तिसऱ्या सुवर्णासाठी उभा होता. त्याच्या प्रतिस्पर्ध्यांत सोव्हिएत संघाचा एव्हगेनी चेर्कासोव्ह होता, आणि चेर्कासोव्हच्या हाती उलटे पिस्तूल.

निकाल मोठा गमतीचा लागला. रुमानियाचा श्तेफान पेत्रेस्कू ५८७ गुणांसह पहिला आला. चेर्कासोव्ह ५८५ गुणांवर दुसरा. तिसरा पुन्हा लिकियार्दोपोल, ५८१ गुणांसह. ताकाच आठवा.

म्हणजे ज्या पिस्तुलाने प्रतिस्पर्ध्यांची झोप उडवली, ते सुवर्ण जिंकलेच नाही. पेत्रेस्कूने ज्या गुणांवर त्याला मागे टाकले ते चार वर्षांपूर्वीच्या सुवर्णविजेत्याहून ८ ने अधिक होते. पिस्तुलावर आक्षेप घेणाऱ्यांना हा मुद्दा अडचणीचा वाटायला हवा होता. पण त्यांचा रोख एका निकालावर नव्हता, पुढच्या वाटेवर होता. आज नळी खाली आणली, उद्या दंडापर्यंत पोहोचणारा आधार लावतील, परवा पिस्तूल या शब्दाला अर्थच उरणार नाही, अशी ती भीती. आणि सगळ्याच देशांकडे तूलासारखे आरेखन केंद्र नव्हते, हेही खरे. ज्याच्याकडे कारखाना त्याच्याकडे पदक, असे व्हायला वेळ लागला नसता.

मेलबर्ननंतर नियम बदलले. त्यातला एक नियम थेट या पिस्तुलावर रोखलेला होता. पिस्तूल सामान्य पद्धतीने हातात धरले असता नळीच्या पोकळीचा अक्ष अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्याच्या वरूनच गेला पाहिजे. बस्स, एवढेच एक वाक्य. त्यात कुठल्या देशाचे नाव नाही, कारखान्याचे नाही, ‘रेकॉर्ड’चे तर नाहीच. पण उलट्या पिस्तुलाला त्या वाक्याने जागाच ठेवली नाही.

या नियमाला अन्यायाचे म्हणावे का? चेर्कासोव्हने कोणताही तत्कालीन नियम मोडला नव्हता, म्हणून त्याचे रौप्य त्याच्याकडेच राहिले आणि ते योग्यच झाले. पण बंदी घालणाऱ्यांचे म्हणणेही पोकळ नव्हते. खेळात साधनाला कुठेतरी सीमा आखावी लागते, आणि ती कुठेही आखली तरी कोणाला तरी ती मनमानी वाटणारच. त्या सीमेला त्यांनी हाताच्या बेचक्याचा आधार घेतला, हे एका अर्थी चतुर होते. माप माणसाच्या शरीरातूनच आले.

शस्त्रकारांनी सीमा मान्य केली आणि तिच्या अगदी कडेला येऊन उभे राहिले. बेचक्याच्या वर, पण शक्य तितक्या खाली, हे नवे ध्येय ठरले. युद्धानंतर उल्म येथे पुन्हा उभ्या राहिलेल्या वाल्थरने १९६०च्या दशकात रॅपिड फायरसाठी ‘ओएसपी’ आणले. त्यात काडतुसांचे घर मुठीतून काढून चापाच्या पुढे नेले होते. मूठ रिकामी झाल्यामुळे तिचा कोन आणि आकार हाताप्रमाणे हवा तसा घडवता येऊ लागला, आणि पुढचे वजन वाढल्याने तोंडही स्थिर राहिले. पुढच्या अनेक स्पर्धात्मक पिस्तुलांनी हीच मांडणी उचलली. एमत्से-३ ने जो प्रश्न सोडवला होता, त्याचेच हे कायदेशीर उत्तर.

.२२ शॉर्ट काडतूसही शेवटी गेलेच. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकनंतर रॅपिड फायरमध्ये ‘.२२ लाँग रायफल’ बंधनकारक झाले. त्याची गोळी २.६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे धक्का जास्त. चापाला किमान १ किलोग्रॅमचा दाब आला. याआधीचे चाप इतके हलके असत की नवशिक्याच्या हाती ते नुसत्या स्पर्शाने सुटावेत. जगभरच्या रॅपिड फायर नेमबाजांना एका हंगामात नवे पिस्तूल घ्यावे लागले आणि वर्षानुवर्षांची सवय मोडावी लागली. जर्मनीचा राल्फ शूमान जुन्या पिस्तुलांच्या काळात १९९२, १९९६ आणि २००४ अशी तीन सुवर्णपदके जिंकला होता. नव्या नियमांखाली २००८ साली बीजिंगमध्ये त्याने रौप्य जिंकले. हात तोच होता, हे त्याने दाखवून दिले.

या प्रकारात भारताचा झेंडा २०१२ साली लंडनला फडकला. हिमाचल प्रदेशचा, सैन्यदलातला विजय कुमार ३० वेधांसह रौप्य जिंकला, क्युबाचा लेउरिस पुपो ३४ वेधांसह पहिला. त्या अंतिम फेरीत गुण नव्हते, पुरेसा अचूक वेध लागला की नाही एवढेच मोजले गेले. १९३६ची रीत जणू फिरून आली. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ साली आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. तिच्या पिस्तुलालाही नळीची तीच रेषा पाळावी लागते.

ताकाच मेलबर्नहून परतला, सैन्यात लेफ्टनंट कर्नलपदापर्यंत पोहोचला, नेमबाज घडवत राहिला आणि १९७६ साली वारला. एमत्से-३ आता संग्राहकांच्या कपाटात आढळते.

आणि आजही कोणत्याही मोठ्या २५ मीटर स्पर्धेआधी साधनतपासणीच्या टेबलावर एक पेटी ठेवलेली असते, आतून ३०० × १५० × ५० मिलिमीटर. पिस्तूल त्यात बसले पाहिजे. बसले की ते काढून नेमबाजाच्या हाती देतात, तो ते नेहमीसारखे धरतो, आणि तपासनीस नळीची रेषा बेचक्याच्या वरून जाते ना, हे पाहतो.